मुंग्यांनी उकरलेले सोने

धनत्रयोदशीला सराफकट्ट्यावर पाय ठेवायला जागा नसते. ज्याची जशी ऐपत तसे, कोणी तोळाभर तर कोणी गुंजभर सोने घरी आणतो आणि लक्ष्मीपुढे ठेवतो. हे सोने मुळात आले कोठून, हे विचारण्याची ती वेळ नव्हे. पण फराळ झाल्यावरच्या निवांत दुपारी हा प्रश्न विचारायला हरकत नाही. आपल्या पूर्वजांनी त्याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे आणि ते मोठे गमतीचे आहे : सोने मुंग्या उकरून काढतात!

महाभारताच्या सभापर्वात ही हकीकत येते. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात कोणी काय नजराणे आणले, याची यादी दुर्योधन पोटातल्या जळफळाटासह धृतराष्ट्राला ऐकवतो. त्या यादीत मेरू आणि मंदर यांच्यामधल्या शैलोदा नदीकाठचे खस, कुणिंद, तंगण असे पहाडी लोक आहेत. त्यांनी आणलेल्या सोन्याचे नावच 'पिपीलिक'. मुंग्यांनी वरदान म्हणून दिलेले हे सोने द्रोणाच्या मापाने मोजून आणले होते.

ही नुसती कविकल्पना म्हणावी, तर इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस तीच गोष्ट सांगतो. हिंदुस्थानच्या उत्तरेच्या वाळवंटात कुत्र्याहून लहान पण कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या असतात. त्या बिळे खणताना सोनेमिश्रित वाळू वर टाकतात. लोक भर उन्हात उंटांवरून येतात, पिशव्या भरतात आणि मुंग्यांना वास लागण्याच्या आत पळ काढतात! याच ग्रंथात तो लिहितो, की इराणचा सम्राट दारयवहु याला हिंदी प्रांताकडून वर्षाला ३६० टॅलेंट सुवर्णरज मिळे. त्याचा हिशेब खरा धरला, तर हे सोने ९,००० किलोंहून अधिक भरते. पुढे चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसने या मुंग्यांचा ठावठिकाणाही दिला : दरद लोकांच्या मुलखातले एक उंच पठार. त्याने आणखी एक बारकावा नोंदला. या मुंग्या हिवाळ्यात खणतात. हा बारकावा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

आता मुंग्या क्षणभर बाजूला ठेवू आणि पर्वताकडे पाहू. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी हिंदुस्थानचा भूखंड आशियाला येऊन भिडला. मधला टेथिस नावाचा समुद्र मिटला आणि त्याच्या तळाचे खडक चुरगळून वर आले. लडाखमधून सिंधू ज्या खोबणीने वाहते, तो या दोन भूखंडांच्या जोडावरचा टाकाच होय. अशा भेगाळलेल्या प्रदेशात खोल पोटातले तप्त पाणी फटींतून वर चढते. त्यात विरघळलेले सोने गारगोटीच्या शिरांत कणाकणाने साचते. पण अखंड कातळातले हे सोने कुदळीने कोण आणि किती फोडणार?

ते काम बर्फाने केले. काराकोरममध्ये सियाचीन ७० किलोमीटरांहून लांब आहे आणि बाल्तोरो ६० किलोमीटरांहून. हिमयुगांत या हिमनद्या याहूनही खाली उतरल्या होत्या. हिमनदी म्हणजे जात्याचे चालते तळीच. तिच्या तळाशी रुतलेले धोंडे कातळ खरवडतात, आणि घरादाराएवढ्या शिळांपासून पिठासारख्या भुकटीपर्यंत सारे काही ती एकत्र वाहून आणते. मात्र हिमनदीला निवड ठाऊक नाही. तिच्या राशीत सोनेही असते, पण ढिगाऱ्यात हरवलेले. ते वेचते वाहते पाणी. सोने पाण्याच्या १९ पट जड, तर गारगोटी पावणेतीन पटही नाही. म्हणून प्रवाह मंदावला की सोने आधी तळ गाठते आणि हलकी वाळू पुढे जाते. बर्फाने दळावे आणि नदीने पाखडावे, असा हा संसार आहे.

मग पहिला डोळस साक्षीदार भेटतो तो १८६७ साली. कुमाऊँमधल्या मिलम गावचे शाळामास्तर पंडित नैनसिंग हे हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यासाठी वेष पालटून तिबेटात हिंडत. १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ ओढत ते पावले मोजीत. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते पश्चिम तिबेटातल्या ठोक जालुंग या सोन्याच्या खाणीवर पोहोचले. उंची १६,००० फुटांच्या वर, आणि वारा हाडे गोठवणारा. लोकांनी तंबू खड्ड्यांत ठोकलेले. चराच्या तळाशी ओहोळ होता. त्यात कापड अंथरून त्यावर दगड ठेवायचे, एकाने माती टाकायची, दुसऱ्याने पाणी सोडायचे. माती वाहून जाई आणि सोने खळग्यांत राही. मजूर काम करताना गाणी म्हणत. रात्री गुडघ्यांत डोके घालून, अंगावर असतील नसतील ते कपडे ओढून ते निजत. आणि हिवाळ्यात तेथे तंबूंची संख्या दुप्पट होई, कारण गोठलेली माती ढासळत नाही!

आता मेगॅस्थेनिसचा तो बारकावा आठवावा. १८७० च्या सुमारास डेन्मार्कचे इतिहासकार फ्रेडरिक शिअर्न यांनी हेच हेरले. कातडी पांघरून, वाकून, हिवाळ्यात जमीन उकरणारी ही माणसेच दूरच्या ऐकीव गोष्टीत मुंग्या झाली असावीत, असे त्यांनी मांडले. उलट १९९६ साली फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल यांनी दावा केला, की मुंगी म्हणजे मार्मोट, बिळात राहणारा केसाळ डोंगरी प्राणी. सिंधूकाठच्या मिनारो लोकांनी त्यांना सांगितले, की आपले पूर्वज मार्मोटांनी उकरलेल्या मातीतून सोने वेचीत. दरदांचा मुलूख तोच, आकारही बरासा जुळतो. पण मार्मोट हिवाळाभर बिळात झोपून असतो. तो थंडीत खणील कसा? मला वाटते, एकाच कथेत दोन्ही मिसळली असावीत : माती वर आणणारा प्राणी आणि ती धुणारा माणूस. नवल इतकेच, की कथा दूर जाता जाता प्राणी राक्षसी झाला आणि माणूस पुसला गेला.

तो माणूस मात्र संपला नाही. गिलगिट-बाल्टिस्तानात सिंधूच्या काठी वाळू धुऊन सोने काढणारी सोनीवाल कुटुंबे आपल्या काळापर्यंत टिकून आहेत. धुऊन उरलेल्या काळ्या वाळूतले कण ते पाऱ्याने गोळा करतात. पारा तापवून उडवला की त्याची विषारी वाफ त्यांच्याच छातीत जाते. आपल्याकडे सराफांच्या दुकानांतला केर धुऊन सोने शोधणारा झारेकरी त्यांचाच भाऊबंद. गुंजभर सोन्यासाठी किती पाट्या वाळू उपसावी लागते, हे यांना विचारावे.

दुर्योधनाने द्रोण मोजले आणि हेरोडोटसने टॅलेंट. पाट्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. लक्ष्मीपुढच्या त्या गुंजभर सोन्यात ५ कोटी वर्षांची उलथापालथ आहे, बर्फाचे दळण आहे आणि थंडगार पाण्यात उभ्या राहिलेल्या कुणाचे तरी बधिर हात आहेत. हळदकुंकू वाहताना त्या हातांचीही आठवण ठेवावी.