एक गोऱ्हा, नाहीतर चार रुपये

हजारेक वर्षांपूर्वी राजशेखर नावाचा कवी होऊन गेला. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या संस्कृत ग्रंथात एक गंमतशीर गोष्ट आहे. काव्यपुरुष, म्हणजे माणसाच्या रूपातली साक्षात कविता, रुसून घराबाहेर पडतो. त्याला वळवण्यासाठी साहित्यविद्या नावाची वधू त्याच्यामागे निघते. पूर्वेकडचे देश, पंचाल, अवंती, दक्षिण असं बरंच फिरणं होतं आणि शेवटी दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम.

आज वाशिम हे नाव बातमीत येतं ते ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून, म्हणजे मागासला जरा गोड शब्द. त्यामुळे कवितेच्या लग्नाचा मांडव याच गावात पडला होता हे वाचून मजा वाटते. पण लग्न म्हटलं की वाजंत्री आलेच. ते कोण होते, त्यांना बिदागी कोण देत होतं, हा प्रश्न मला त्या गोष्टीपेक्षा जास्त छळतो.

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी इथे होती. या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज हरवलं आहे, पण नंतरच्या पंडितांनी त्याची नावानिशी दखल घेतल्यामुळे ते होतं एवढं कळतं. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याचा एक ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमला सापडला. त्यात राजानं ब्राह्मणांना दिलेल्या गावाची नोंद आहे. पुढे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शाखेत हरिषेण झाला. अजिंठ्याची सोळा क्रमांकाची लेणी त्याच्या मंत्र्यानं, वराहदेवानं, करवून घेतली. तसं तिथल्या भिंतीवर कोरलेलंच आहे.

अजिंठ्याला गेलात तर एक क्रमांकाच्या लेणीत महाजनक जातकाचं चित्र नीट बघा. ही लेणीही अभ्यासक हरिषेणाच्याच काळातली मानतात. मधोमध एक नर्तकी आहे आणि तिच्याभोवती बायकांचा ताफा: कुणाच्या ओठांशी बासरी, कुणाच्या हातात टाळ, कुणापुढे मृदंग. वाशिमच्या राजाच्या काळातला हा एक अख्खा वाद्यवृंद दीड हजार वर्षं भिंतीवर वाजतो आहे. मंत्र्याचं नाव आपल्याला माहीत आहे, राजाचं माहीत आहे. बासरीवालीचं नाही, आणि तिला रंगवणाऱ्याचंही नाही.

आश्रयदात्यांचा इतिहास असाच असतो. देणाऱ्याचं नाव दगडावर आणि तांब्यावर उरतं. वाशिमचं बालाजी मंदिर अठराव्या शतकात भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळूनं बांधलं, हे गावातलं शाळकरी पोर सांगेल. तिथे पहिल्या उत्सवात सनई कुणी फुंकली, हे विचारायला जाऊ नका.

म्हणूनच इंग्रजांच्या एका कंटाळवाण्या सरकारी अहवालातली चार ओळींची माहिती मला ताम्रपटापेक्षा मोलाची वाटते. अहवाल आहे १८८१ च्या वऱ्हाडच्या जनगणनेचा आणि तो लिहिला यूस्टेस किट्स या अधिकाऱ्यानं. त्या वेळी वऱ्हाडात सहा जिल्हे होते आणि त्यातला एक बासिम, म्हणजे आपलं वाशिम. जाती-जमातींची वर्णनं करताना किट्स बंजाऱ्यांच्या गायकांपाशी थांबतो. त्यांना तो ढारी म्हणतो. तांड्यांवर त्यांना ढाडी म्हणतात. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडी ग्रंथ काढला, त्यात किट्सची ही माहिती पुन्हा छापली गेली.

माहिती अशी. ढाडी गातात आणि मागतातही. ते स्वतःच्या पूर्वजांची, चारण बंजाऱ्यांच्या पूर्वजांची आणि दिल्लीच्या जुन्या राजांची गाणी गातात. वर्षातल्या ठरलेल्या दिवसांत ते तांड्यांवर येतात आणि तेव्हा प्रत्येक घर त्यांना एक गोऱ्हा देतं, नाहीतर थोडे रुपये. ते मुसलमान आहेत, पण पूजा सरस्वतीची करतात. मेल्यावर दुवा वाचायला फकीर येतो. त्यांच्या उत्पत्तीची कथाही तिथे आहे: मूळ पुरुष गुरू नानकांचा शिष्य होता, हुमायूनच्या मेजवानीत निषिद्ध मांस खाल्ल्यानं मुसलमान झाला, मोगल दरबारात वादक म्हणून राहिला आणि त्याची मुलं चारणांना येऊन मिळाली. कथा खरी की खोटी हे सोडून द्या. नानक, हुमायून, सरस्वती आणि फकीर एकाच कुटुंबात नांदवणारी कथा रचायला गायकच लागतो.

माझी नजर मात्र त्या गोऱ्ह्यावर अडकली.

गोऱ्हा म्हणजे काय हे कळायला तांडा म्हणजे काय होता ते बघावं लागेल. बंजारे हे रेल्वेच्या आधीची मालवाहतूक होते. मीठ, धान्य, डाळी बैलांच्या पाठीवर लादून ते देशभर नेत. सतराव्या शतकात भारतात आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत बघितल्याचं लिहिलं आहे. असा तांडा समोरून आला की रस्ता मोकळा व्हायला दोन-तीन दिवस थांबावं लागे, म्हणे. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत भंगी आणि जंगी या नायकांकडे एक लाख ऐंशी हजार बैल होते, अशी समाजातली परंपरा सांगते. आकडा मोजून कुणी ठेवला नव्हता. तो गाण्यातून आला, आणि गाणी कुणाकडे होती ते आपण आत्ताच बघितलं.

अशा समाजात गोऱ्हा ही भीक होत नाही. तो धंद्याच्या भांडवलातला तुकडा आहे. आज कुणी गायकाला म्हणेल की माझ्या कंपनीचे थोडे शेअर तुझ्या नावावर करतो, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट. गोऱ्हा दोन-तीन वर्षांत बैल होतो, ओझं वाहतो, विकता येतो. दुसरं असं की हे देणं कार्यक्रमाला बांधलेलं नव्हतं. आज गाणं चांगलं झालं म्हणून दिलं, उद्या आवाज बसला म्हणून नाही दिलं, असा हिशेब त्यात नव्हता. घर आहे तर वाटा आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा फरक लगेच कळतो: एखाद्या सुट्या कामाचे पैसे वेगळे आणि वर्षाचा देखभालीचा करार वेगळा. करार असेल तरच माणूस दुसरं काही न करता त्याच कामात राहतो आणि आपल्या हाताखाली नवा माणूस तयार करतो.

ढाड्याचं पोर गाणं शिकत होतं ते यामुळे. बाप ज्या तांड्यांवर जातो ते तांडे उद्या आपले, हे त्याला ठाऊक होतं. तरुण वादकाला आधार द्यायचा तर यापेक्षा सरळ व्यवस्था मला दिसत नाही.

पण या व्यवस्थेचं फार कौतुक करतानाही जीभ अडखळते. रसेल-हिरालाल त्याच जागी सांगतात की समाजाच्या उतरंडीत ढाड्यांची पायरी सगळ्यात खालची. ज्याच्या तोंडून आपल्या पूर्वजांचा पराक्रम ऐकायचा, त्याला बसायला शेवटची जागा. ढाड्याच्या ज्या पोराला गाण्यात रस नव्हता त्याचं काय झालं असेल? आणि तांड्यातल्या ज्या मुलीचा गळा ढाड्यापेक्षा गोड होता तिचं? ती सासरी जाताना ढावलो गायची, तीजेला गहू पेरून गाणी म्हणायची, होळीला लेंगीत सूर मिळवायची. त्याबद्दल तिला कुणी गोऱ्हा दिल्याचं कुठे आढळत नाही. वाटा जन्मानं मिळत होता, म्हणून टिकला. जन्मानंच मिळत होता, म्हणून तो आज जसाच्या तसा परत आणावा असंही म्हणवत नाही.

मग तो मोडला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. जे मीठ न्यायला हजार बैल लागत ते वॅगनमधून जाऊ लागलं. त्यात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. देशाच्या अनेक भागांत बंजाऱ्यांसारख्या फिरत्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, हजेरी आणि परवाने आले. किट्स वऱ्हाडात जनगणना करत होता तेव्हा हे सगळं घडून गेलेलं किंवा घडत होतं. म्हणजे त्यानं टिपलेला गोऱ्हा बहुधा एका उतरणीला लागलेल्या व्यवस्थेचा आहे. तांडे जमिनीवर स्थिरावले, बैल शेतीपुरते उरले. घरात एकच जोडी असेल तर त्यातलं वासरू गायकाला कोण देणार? त्या जागी रुपये आले, आणि रुपयाला लाज नसते, तो कमी-कमी करता येतो. अर्धा गोऱ्हा कुणी देऊ शकत नव्हतं.

विसाव्या शतकात वऱ्हाडानं या प्रश्नाला अगदी वेगळं उत्तर दिलं. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यात मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं उभी राहिली. वाद्य कोणतं, तर खंजिरी. ती स्वस्त, पिशवीत मावणारी आणि कुठल्याही जातीच्या हातात शोभणारी. गाणारा दिवसा शेतात आणि संध्याकाळी प्रार्थनेला. इथे वादकाला कुणी पैसे देत नाही, कारण वादक वेगळा काढलेलाच नाही. जन्मानं मिळणारी पायरी या एका फटक्यात गेली, आणि हे लहान काम नव्हे. या मुशीतून तयारीचे कलावंतही निघाले. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांची सात खंजिऱ्यांवर फिरणारी बोटं ज्यानं बघितली आहेत त्याला वेगळं सांगायला नको. पण फुकट गाण्याला मर्यादा असते. रोज आठ तास रियाज करायचा असलेल्या पोराला मंडळ चहा देऊ शकतं, महिना देऊ शकत नाही.

तिसरं उत्तर शाळेचं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतल्या परीक्षा आज तालुक्याच्या गावातली मुलंही देतात: प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद. दहावीला शास्त्रीय आणि लोककलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून क्लासमधली गर्दी वाढली, आणि निकाल लागला की ओसरतेही. पलुस्करांचं काम फार मोठं आहे. गाणं घराण्याच्या कडीकुलपातून बाहेर काढायची ती वाट होती. पण प्रमाणपत्र आणि श्रोता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विशारद झालेली मुलगी गावात कुणासमोर गाणार, याचं उत्तर परीक्षेच्या पुस्तकात नाही.

आणि सरकार? वृद्ध कलावंतांना मानधन देणारी जुनी योजना महाराष्ट्रात आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि मानधन महिना ५,००० रुपये आहे. त्यासाठी वयाची अट साधारण ५० वर्षांची. म्हणजे विसाव्या वर्षी संबळ हातात घेतलेल्या मुलानं आधी तीस वर्षं काढायची. तोवर त्यानं वाजवणं सोडून पुण्यात डिलिव्हरीचं काम धरलं, तर तो कलावंत नव्हताच असं धरायचं. ढाड्याच्या पोराला वाटा आधी दिसत होता आणि गाणं नंतर येत होतं. आपण गाणं संपायच्या बेताला वाटा देतो.

गंमत अशी की पैसा आटलेला नाही. गणपतीत, जयंतीत, लग्नात गल्ली-गल्लीतून वर्गणी गोळा होते आणि त्यातला मोठा घास डीजेच्या भिंतीला जातो. घरटी देण्याची सवय मोडलेली नाही. मंडळानं त्यातला दहावा भाग गावातल्याच दोन पोरांच्या नावानं, वर्षभरासाठी बांधून टाकला, तर ते किट्सच्या गोऱ्ह्याच्या बरंच जवळ जाईल. जात बघायची गरज नाही, पोरगी असली तरी चालेल.

५ ऑक्टोबर २०२४ ला मानोरा तालुक्यात पोहरादेवीला पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीला देशभरातून तांडे लोटतात. चार मजले, तेरा दालनं, आणि इमारतीचा आकार नंगाऱ्याचा. ज्या समाजाला शंभर वर्षांपूर्वी पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागे त्याचा इतिहास अशा दिमाखात उभा राहतो, हे बघून बरं वाटतं. मी आत गेलो तर शोधणार ती एकच गोष्ट: नंगारा वाजवणाऱ्याला काय मिळत होतं, याची पाटी.

बंजारा समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये मोडतो. कॉलेजच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा महसुली कागदावरची एखादी नोंद. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, ती मुलं जुन्या दप्तरांसाठी तहसिलीच्या खेपा घालतात. त्या आजोबांच्याही आजोबांची गाणी ज्याला तोंडपाठ होती, तो माणूस ठरलेल्या दिवसांत स्वतःच तांड्यावर यायचा, आणि त्याच्यासाठी घरटी एक गोऱ्हा राखून ठेवलेला असायचा.