पाहुण्या पेशींचे वैर

१९५६ साली इंग्लंडमधल्या हारवेल येथे बार्न्स आणि लूटिट या संशोधकांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर एक प्रयोग केला. क्ष-किरणांचा जबर मारा करून उंदरांची अस्थिमज्जा नष्ट केली आणि तिच्या जागी दुसऱ्या उंदरांची मज्जा दिली. स्ववंशातल्या उंदराची मज्जा मिळालेल्यांमध्ये कर्करोग परतला. परवंशातली मज्जा मिळालेल्यांमध्ये तो परतला नाही, पण ते उंदीर जुलाबाने खंगून मेले. रक्ताच्या कर्करोगावरील प्रत्यारोपणाचा पुढचा इतिहास मला या दोन मरणांच्या मधली वाट शोधण्याचा इतिहास वाटतो.

मूत्रपिंड बदलले की शरीर परक्या अवयवावर तुटून पडते. इथे उलटे घडते. दात्याच्या मज्जेबरोबर त्याच्या टी पेशीही येतात आणि पाहुणाच यजमानावर उठतो. तळहात-तळपायांवर पुरळ येतो, यकृत बिघडून कावीळ होते, आतड्यांचे अस्तर सोलवटून जुलाब सुरू होतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकारात डोळे आणि तोंड कोरडे पडतात, त्वचा ताठरते, फुप्फुसे आखडतात. रुपर्ट बिलिंगहॅम यांनी १९६६ साली या विकाराच्या तीन अटी मांडल्या: रोपात लढाऊ पेशी हव्यात, यजमानाच्या ऊतींवर दात्याकडे नसलेल्या खुणा हव्यात आणि यजमान त्या पेशींना हाकलण्याइतका सबळ नसावा. ल्युकेमियाच्या रुग्णात या तिन्ही अटी आपण उपचारासाठी आपल्याच हाताने पुऱ्या करतो.

माणसांवरचे पहिले प्रयत्न दुःखद होते. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतला एकही फार काळ जगला नाही. पुढल्या दशकभरात झालेली बहुतेक प्रत्यारोपणे फसली आणि अनेकांनी हा नाद सोडला. थॉमस आणि त्यांचे सहकारी मात्र कुत्र्यांवरील प्रयोगांत गुंतून राहिले. फ्रान्समध्ये जाँ दोसे यांनी १९५८ साली पांढऱ्या पेशींवरच्या ओळखखुणांचा माग लावला होता. त्यातून दाता आणि रुग्ण जुळवून पाहण्याची सोय झाली आणि प्रतिबंधाची पहिली पायरी बांधली गेली. १९७७ साली सिॲटलच्या गटाने इतर सगळे उपाय थकलेल्या १०० रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतले १३ जण रोगमुक्त होते. आकडा लहान दिसतो, पण त्याआधी तो जवळजवळ शून्य होता.

दुसरी पायरी औषधांची. मेथोट्रेक्सेट फोफावणाऱ्या पेशींची वाढ रोखते. नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन टी पेशींना चेतवणारा संदेश तोडते. दोन्ही एकत्र दिली तर विकार बराच आटोक्यात राहतो, हे सिॲटलच्याच गटाने १९८६ साली दाखवले.

मग एक सरळ विचार पुढे आला: वैर करणाऱ्या टी पेशी मज्जेतून आधीच वेचून काढल्या तर? तसे केले आणि विकार खरोखरच कमी झाला. पण मज्जा रुजेनाशी झाली आणि ल्युकेमिया अधिक वेळा परतू लागला. १९७९ सालीच सिॲटलच्या नोंदींतून दिसले होते की, हा विकार झालेल्यांमध्ये कर्करोग कमी परततो. हारवेलच्या उंदरांनी जे सांगितले होते, तेच माणसांनीही सांगितले. ज्या पेशी कातडी सोलवटतात, त्याच उरलासुरला कर्करोगही टिपतात. १९९० साली म्युनिकमध्ये कोल्ब यांनी तर प्रत्यारोपणानंतर परतलेल्या ल्युकेमियावर दात्याच्या लिम्फोसाइट पेशीच पुन्हा दिल्या आणि रोग हटला.

म्हणून आजची रीत वैर पुरते मोडण्याची नाही, त्याला वेसण घालण्याची आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेल्या पद्धतीत प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देतात. यजमानाला परका मानून उसळलेल्या पेशी तेव्हा वेगाने वाढत असतात, म्हणून औषधाचा घाव त्यांच्यावर बसतो. मूळ पेशी ते पचवतात, असा त्यामागचा मूळ विचार. यामुळे अर्धे जुळणारे आई, वडील, मुलगा, मुलगीही दाते होऊ शकले. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. लहान कुटुंबांच्या काळात ही सवलत अनेकांच्या जिवाची आहे.

तरीही विकार उद्भवलाच तर पहिला उपाय स्टेरॉइडचा. तो सगळ्यांना लागू पडत नाही आणि संसर्गाला दार उघडतो. स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या तीव्र विकारासाठी अमेरिकेत २०१९ साली रक्सोलिटिनिबला मान्यता मिळाली. पण निम्मे काम लवकर ओळखण्याचेच आहे. पुरळ, पातळ जुलाब, डोळ्यांतली रेती, चढताना लागणारी धाप यांतले काही क्षुल्लक मानून घरी काढायचे नसते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. तेव्हापासून आपल्याकडचे डॉक्टरही हाच तोल सांभाळत आहेत. रोग परतू नये इतके वैर ठेवायचे आणि माणूस जगेल इतकेच ठेवायचे. तो काटा प्रत्येक रुग्णासाठी नव्याने जुळवावा लागतो.