जुन्या मोटारींची घरगुती देखभाल (बीड जिल्हा)

जुन्या मोटारींची घरगुती देखभाल म्हणजे सुमारे पंधरा वर्षे वापरलेल्या किंवा लाख-दीड लाख किलोमीटरहून अधिक धावलेल्या मोटारींची तपासणी, सफाई व किरकोळ दुरुस्ती मालकाने अथवा चालकाने स्वतः करणे. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यात उष्ण उन्हाळा, क्षारयुक्त भूजल, मातीची धूळ आणि बालाघाट डोंगररांगेतील घाटरस्ते या चार गोष्टींमुळे या देखभालीला विशेष महत्त्व आहे. जुने इंजिन निव्वळ वयामुळे बंद पडल्याची उदाहरणे थोडी असतात. रेडिएटरमधील पाणी, इंजिनातील तेल आणि आत शिरणारी हवा यांकडे झालेले दुर्लक्ष हेच बहुतेक वेळा त्याच्या नाशाचे कारण असते, आणि ही तिन्ही कामे सामान्य माणसाच्या आवाक्यातील आहेत.

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, केज, धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी आणि शिरूर कासार असे अकरा तालुके आहेत. परळी वैजनाथ हे जुने रेल्वे स्थानक असले तरी बीड शहरात रेल्वे २०२५ मध्ये पोहोचली. तोपर्यंत दवाखाना, बाजार, न्यायालय, लग्नकार्य या सर्वांसाठी एस. टी. बस आणि खाजगी वाहन हेच पर्याय होते. खेड्यापाड्यांना तालुक्याशी जोडणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या याच गरजेतून वाढल्या. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जोडणी सुरू केली. तिचे पुढचे अवतार, बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) या पुण्याच्या कंपनीची ट्रॅक्स, टाटा सुमो आणि २००० मध्ये आलेली बोलेरो ही वाहने ग्रामीण महाराष्ट्रात अनेक वर्षे राबली. खाजगी मोटारींत १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० चे स्थान वेगळे आहे. तीन सिलिंडरचे, ७९६ घन सेंटिमीटरचे तिचे इंजिन इतके सुटसुटीत आहे की साध्या पान्यांच्या संचावर तिची बरीच कामे होतात.

ऊसतोड मजुरांचा जिल्हा अशी बीडची ओळख आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. उत्पन्न असे हंगामी असल्याने नव्या वाहनाऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या हातातील वाहन घेण्याकडे अनेकांचा कल असतो. अशा वाहनाचा किलोमीटर आकडा विश्वासार्ह मानता येत नाही. पाच अंकी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, शिवाय मीटर मागे फिरवण्याचे प्रकारही होतात. झिजून गुळगुळीत झालेले क्लच-ब्रेकच्या पायट्यांचे रबर, चकाकणारे स्टिअरिंग आणि चालकाच्या बाजूची खचलेली बैठक यांवरून गाडी किती धावली याचा अंदाज अधिक खरा येतो.

पाणी व इंजिनाची उष्णता

मराठवाड्याचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकाचा असून येथील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. असे कठीण पाणी तापले की क्षार वेगळे होऊन पांढरा थर जमतो. पाणी तापवण्याच्या बंबात किंवा हिटरच्या कांडीवर दिसणारी पुटे ती हीच. रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत आणि इंजिनाच्या पाणवाटांत हा थर जमल्यास उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग रोखला जातो. पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या एप्रिल-मे महिन्यांत, भरलेली गाडी घाट चढत असताना, त्याचा परिणाम एकदम दिसतो. काटा तांबड्या रेघेकडे सरकतो, वाफ निघते आणि वेळीच इंजिन बंद न केल्यास सिलिंडर हेड वाकते किंवा हेड गॅस्केट जळते. काही लिटर योग्य पाण्याअभावी इंजिन खोलण्याचा खर्च ओढवतो.

यावरचा उपाय म्हणजे ऊर्ध्वपातित अथवा क्षारविरहित पाणी व कुलंट यांचे उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातील मिश्रण. कुलंटमधील ग्लायकॉलमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियम व लोखंड यांचे रक्षण करतात. 'आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला' हा युक्तिवाद त्यामुळे फोल ठरतो. वाटेत नाइलाजाने हातपंपाचे पाणी भरावे लागले, तर घरी आल्यावर थंड इंजिनातील ते पाणी काढून टाकावे आणि योग्य मिश्रण भरावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतील पाणी शंभर अंशांपेक्षा अधिक तापूनही उकळत नाही, पण झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते उसळून हातातोंडावर येते. काढलेले कुलंट उघड्यावर ओतू नये. ते चवीला गोड व विषारी असल्याने कुत्री किंवा गुरे प्यायल्यास दगावू शकतात.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. तिला शास्त्रीय आधार नाही. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन तापायला वेळ घेते, इंधन जास्त खाते, काजळी धरते आणि झिजते. थर्मोस्टॅटवर संशय असल्यास तो काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा व पाणी तापवावे. साधारण ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान त्याची झडप उघडताना दिसली पाहिजे. न उघडल्यास नवा घालावा. तेलाच्या दांडीवर दुधाळ, ताकासारखा थर दिसू लागला किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येऊ लागली, तर पाणी इंजिनात शिरले असे समजावे. हे काम घरचे नव्हे.

तेल व धूळ

तेलाची पातळी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून पाहतात. दांडी एकदा पुसून, पुन्हा घालून काढल्यावर दिसणारी खूण खरी मानावी. जुनी इंजिने थोडे तेल खातात, त्यामुळे दर आठवड्याला दांडी पाहणे हिताचे असते. तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही घातक आहे, कारण त्यामुळे सीलवर दाब येतो. तेल बदलताना सोबत फिल्टर बदलावा, अन्यथा नवे तेल जुन्या गाळातून फिरते. चुंबकाला चिकटेल असा लोखंडी कीस निथळलेल्या तेलात आढळल्यास मिस्त्रीला दाखवावे.

धुळीचा प्रश्न या जिल्ह्यात तेलाइतकाच मोठा आहे. कच्चे रस्ते, मळणीचे दिवस आणि कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे उडणारा फुफाटा यांमुळे हवेची जाळी लवकर तुंबते. धुळीतील वाळूचे सूक्ष्म कण आत गेल्यास पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत घासली जाते. कागदी जाळी आपटून झटकल्याने तिला चिरा पडतात. ती पंक्चरच्या दुकानातील हवेने, दाब बेताचा ठेवून, आतून बाहेरच्या दिशेने फुंकावी आणि उजेडासमोर धरून भोके तपासावीत. जाळीच्या कडेचे रबर नीट बसले नसेल तर महागडी जाळीही निरुपयोगी ठरते. धुराचा रंगही माहिती देतो. काळा धूर हवा कमी किंवा इंधन अधिक असल्याचे सुचवतो, तर निळसर धूर तेल जळत असल्याचे.

वापरलेले तेल दाराच्या चौकटीला लावण्याची, कुंपणाच्या खांबांना चोपडण्याची किंवा गोठ्यामागे ओतण्याची सवय रूढ असली तरी कायद्यानुसार ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे पोहोचेल अशा गॅरेजात देणे योग्य.

इंधन

डिझेल गाडीची टाकी पूर्ण रिकामी झाली की तिने 'एअर घेतली' असे चालक म्हणतात. अशा वेळी डिझेल भरून, फिल्टरजवळचा हातपंप दाबत व वरचा पेच सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढतात. ज्या गाडीत असा हातपंप आहे तिच्यापुरते हे ज्ञान प्रत्येक चालकाला असावे, कारण हा प्रसंग रात्री आडरस्त्यावरच येतो. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी पावसाळ्यात वरचेवर सोडावे.

पेट्रोल गाड्यांपुढे नवा प्रश्न इथेनॉलचा आहे. उसापासून आणि धान्यापासून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. म्हणजे बीडच्या मजुराने तोडलेल्या उसाचा अंश त्याच्याच जुन्या गाडीच्या टाकीत येऊ लागला. मात्र एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नाहीत. इथेनॉल काही प्रकारचे रबर फुगवते वा ठिसूळ करते, हवेतील ओलावा शोषते आणि टाकीतील जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये सहा ते सात टक्के घट गृहीत धरली आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या नळ्या बोटाने दाबून पाहणे, चिरा अथवा ओलावा दिसताच इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालणे आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल साठवून न ठेवणे, एवढे मालकाला करता येते. पेट्रोलचा वास येत असताना गाडी सुरू करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

घरगुती गॅसचे सिलिंडर वापरून गाडी चालवणे बेकायदेशीर आहे. त्यातून स्फोट होऊन जीवितहानी होऊ शकते, म्हणून हा प्रकार काटकसरीत गणता येत नाही.

ब्रेक व घाटरस्ते

मांजरसुंब्याचा घाट आणि धारूरचा वळणावळणाचा घाट ही जिल्ह्यातील ब्रेकची खरी परीक्षास्थळे. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ऑइल उकळले, की नळ्यांत वाफ होते, पायटा तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे आवश्यक मानले जाते. त्यात इंजिन ऑइल किंवा अन्य खनिज तेल चुकूनही मिसळू नये, कारण त्याने आतील रबर फुगते. ऑइल बदलताना एकाने पायटा दाबायचा व दुसऱ्याने चाकामागचा निप्पल सैल करून हवा काढायची असते. ज्याने हे काम आधी कोणा जाणकाराच्या हाताखाली केलेले नाही त्याने ते एकट्याने करू नये.

जो गिअर चढाला लागतो तोच उताराला ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियम तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन दाबांतच संपते, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंगही अडकू शकते.

हत्यारे व सुरक्षितता

पान्यांचा संच, पेचकस, पक्कड, स्पार्क प्लगचा पाना, हवेचा दाबमापक, बॅटरीचा हायड्रोमीटर व मल्टीमीटर इतकी सामग्री पुरेशी होते. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तिच्यात फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे. टर्मिनलवरील पांढरट-हिरवट बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. तार सोडवताना ऋण बाजूची आधी सोडवावी. हंगामभर उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी सोडवून ठेवणे आणि परतल्यावर उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का हे पाहणे गरजेचे असते.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हा घरगुती दुरुस्तीतील सर्वांत जीवघेणा प्रमाद आहे. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली जायचे तर सपाट, टणक जमिनीवर मजबूत घोडे लावावेत व उरलेल्या चाकांना दगड लावावेत. विटांची चळत वजनाखाली अचानक फुटते.

टायमिंग बेल्ट हा तुटेपर्यंत कोणतीही सूचना न देणारा भाग आहे. मारुती ८०० सह अनेक गाड्यांत तो असतो. जुनी गाडी घेतल्यावर तो केव्हा बदलला याची लेखी नोंद नसेल, तर लगेच बदलून घ्यावा. काही इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. खुणा जुळवण्याचे हे काम, तसेच क्लच प्लेट, डिझेल पंप व इंजिन बोअरिंग ही कामे प्रशिक्षित मिस्त्रीची आहेत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जातो.

कायदेशीर बाबी

बीड परिवहन कार्यालयाचा वाहन क्रमांक एमएच-२३, तर अंबाजोगाईचा एमएच-४४ असा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर गाडीची प्रत्यक्ष तपासणी होऊन ती एका वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांसाठी घालून दिलेली दहा वर्षांची मर्यादा महाराष्ट्राला लागू नाही. मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध आहेत. दुसरे इंजिन बसवणे किंवा गॅस किट लावणे यांसाठी परवानगी व नोंदणीपुस्तिकेत नोंद लागते. काळ्या-पिवळ्या जीपसारख्या प्रवासी वाहनांना योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते.