स्टँडर्ड २० आणि लायनरचं गणित

मराठी मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपण सुलतान, सुभेदार आणि दर्गे यांच्यापाशी थांबतो. गॅरेजपर्यंत कुणी येत नाही. घाटकोपरला एलबीएस मार्गालगत माझ्या मामूंचं गॅरेज होतं. तिथे शाळेची मुलं ने-आण करणारी एक स्टँडर्ड २० व्हॅन वारंवार यायची. आज तिच्याबद्दल लिहितो.

कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९५८ मध्ये ‘अॅटलस’ नावाची छोटी व्हॅन बाजारात आणली. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, आणि तेही कंपनीच्या लहान कारमधून उचललेलं, ९४८ सीसीचं. पस्तीसच्या आसपास अश्वशक्ती आणि वर अर्ध्या टनाचा माल. चढावर दम लागणारच. म्हणून काही वर्षांतच ‘अॅटलस मेजर’ आली, १६७० सीसीची. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ही व्हॅन बंद पडली, पण मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती ‘स्टँडर्ड २०’ या नावाने पुढे चालू ठेवली. आपल्या उपनगरांत तेव्हा कुर्ल्याला प्रीमियर होती, कांदिवलीला महिंद्रा होती, बजाज टेम्पोची सुरुवातही गोरेगावची. तरी ही मद्रासची पाहुणी इथे रुळली.

खरी गंमत आहे ती या मोठ्या इंजिनाची. १६७० सीसीचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातली इंजिनं फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्ये होती, व्हॅनगार्ड कारमध्ये होती आणि १९५३ च्या ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्येही. स्ट्रोक ९२ मिलिमीटर. बदलायचा तो बोअर. ७६ चा असला तर १६७० सीसी, ८३ चा असला तर १९९१, ८६ चा असला तर २१३८. हे सोपं झालं कारण सिलिंडर ब्लॉकमध्ये कोरलेला नव्हता. लायनर वेगळा बसायचा आणि त्याच्या बाहेरून थेट पाणी फिरायचं. बोअर मशीनची गरज नाही. जुना लायनर काढा, नवा लायनर-पिस्टन घाला. रस्त्याकडेच्या गॅरेजला परवडणारं काम.

पण हात लागायचा. लायनर ब्लॉकच्या वर तीन ते पाच थाऊच राहिला पाहिजे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. खालचं पॅकिंग जरा चुकलं की पाणी ऑइलमध्ये उतरणार. मामू गेजची काडी काढून बघायचे, तिचा रंग चहासारखा दुधाळ दिसला की शागीर्दाकडे नुसतं पाहायचे. तो बिचारा न सांगता हेड उघडायला घ्यायचा. इंग्लंडात हौशी लोक टीआर-२ ला मोठे लायनर घालतात आणि त्याला ट्यूनिंग म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘इंजिन बांधणं’ म्हणत. शिकवणारा उस्ताद, शिकणारा बहुधा भाचा किंवा गाववाला, आणि लिखापढी शून्य. म्हणूनच या कामाचा इतिहास कुठे सापडत नाही. कंपन्यांची नावं उरली, मिस्त्रींची नाही.

१९८५ मध्ये मद्रासच्या कंपनीने एक मोठं धाडस केलं. ब्रिटिश रोव्हर एसडी-१ ही आलिशान कार ‘स्टँडर्ड २०००’ म्हणून इथे आणली. मूळ गाडीला व्ही-८ सुद्धा मिळायचं. इथे बॉनेटखाली आलं ते व्हॅनच्याच घराण्यातलं १९९१ सीसीचं, हेड बदललेलं इंजिन, ८३ अश्वशक्तीचं. व्हॅनला जी ताकद भरपूर होती, ती इतक्या जड गाडीला अपुरी पडली. पेट्रोल मात्र ती मनसोक्त प्यायची. नव्या मारुतीच्या जमान्यात गिऱ्हाईक कोण होणार? दशक संपायच्या आत कारखाना थांबला. माझ्या मते दोष इंजिनाचा नव्हता. जे काम त्याचं नव्हतं ते त्याच्या गळ्यात घातलं गेलं.

व्हॅनचा घास मात्र डिझेलने घेतला. बजाज टेम्पोची मॅटॅडोर डिझेलवर चालायची, आणि शाळेच्या व्हॅनवाल्याला लिटरचा हिशेब मिस्त्रीच्या हुनरापेक्षा जवळचा. आमच्याकडे येणारी ती व्हॅन एके दिवशी यायची थांबली. मामूंनी तिच्यासाठी आणून ठेवलेले चार लायनर ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर पडून होते. गॅरेज विकताना ते किलोच्या भावाने गेले.