भगतसिंगांचा प्रश्न आणि कर्मसिद्धान्ताचे उत्तर
१२. दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात ८ एप्रिल १९२९ रोजी बटुकेश्वर दत्तांसह बॉम्ब टाकणाऱ्या भगतसिंगांनी ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला. सर्वशक्तिमान ईश्वराने दुःखाने भरलेले जग का निर्मिले, हा त्यातील प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) ईश्वरावरील पक्षपाताच्या व क्रौर्याच्या आक्षेपाचा विचार झाला आहे. त्यावर शंकराचार्यांचे उत्तर असे, की ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो आणि संसार अनादी असल्याने पहिल्या कर्माचा प्रश्न उद्भवत नाही. या उत्तराने ईश्वर दोषमुक्त होतो, हे मान्य करावे लागेल. पण गरिबी व अस्पृश्यता ही पूर्वजन्मीची शिक्षा मानली, तर ज्याला आपला अपराधच आठवत नाही तो त्या शिक्षेतून सुधारणार कसा, हा भगतसिंगांचा आक्षेप उरतोच. पुढचे कर्म आपल्या हाती आहे, असे आस्तिक म्हणतील. तेवढ्याने आज अन्याय करणाऱ्याला जाब मात्र विचारला जात नाही. सोसणाऱ्यालाच दोषी ठरवणाऱ्या युक्तिवादाचे हे खंडन निबंधाचा गाभा आहे. वाचकांनी तो त्या दृष्टीने वाचावा. — संपा.