गुंडाच्या घरची सोयरीक

पिस्तूलधारी सासरा आणि पापभीरू जावई या विनोदाचं मूळ शोधत गेलं, की आपण एका गंभीर लग्नात जाऊन पोचतो. ‘द गॉडफादर’ (१९७२) सुरू होतो तोच कॉनीच्या लग्नाने. बाहेर गाणीबजावणी, आत अंधाऱ्या खोलीत वधूपिता गाऱ्हाणी ऐकतोय. लेकीच्या लग्नादिवशी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, ही सिसिलीची रीत. पाहुण्यांत वधूच्या भावाची मैत्रीण के ॲडम्स आहे. घराण्याचा धंदा काय, हे तिला जेवणाच्या टेबलावर कळतं आणि तिचा चेहरा उतरतो. पुढच्या विनोदाचा सगळा कच्चा माल इथेच आहे.

‘प्रिझीज ऑनर’ने (१९८५) नवरा-बायको दोघांनाही भाडोत्री मारेकरी केलं. ‘मॅरिड टू द मॉब’मधली (१९८८) विधवा या गोतावळ्यातून सुटायला धडपडते. उलट दिशेने, आत शिरणारा जावई ठळक झाला तो १९९९च्या ‘मिकी ब्लू आइज’मध्ये. ह्यू ग्रँट हा न्यूयॉर्कमधला इंग्रज लिलाववाला. चिनी हॉटेलात बिस्किटातल्या चिठ्ठीतून तो लग्नाची मागणी घालतो, आणि मुलगी रडत पळून जाते. नकार प्रेमाला नसतो. माझ्या घरात आलास की तूही त्यांच्यातलाच होशील, ही तिची भीती. ती खरीही ठरते. एका म्होरक्याच्या दिवट्या चिरंजीवांची भयाण चित्रं लिलावात विकून काळा पैसा पांढरा करायचं काम जावयाच्याच गळ्यात पडतं. चित्रपट एकूण बेताचाच. पण सासरा गाडीत बसवून जावयाला टोळीवाल्यांचे उच्चार घोटवून घेतो आणि ग्रँटची जीभ काही केल्या वळत नाही, तेवढा प्रसंग चोख. सासरा झालाय जेम्स कान, म्हणजे ‘गॉडफादर’मधला तापट सनी. एकेकाळी खरीखुरी दहशत बसवलेला नट हवा, तरच हे हसू फुटतं.

दिग्दर्शक अनीस बझमींना हे नेमकं उमगलं असावं. त्यांच्या ‘वेलकम’मध्ये (२००७) नवरदेव लिलाववालाच आहे, पण भीतीची बाजू पार बदललीय. इथे मुलगी पळत नाही; बहिणीला खानदानी स्थळ मिळेना म्हणून डॉनच हैराण आहेत. मुलाचा मामा ‘घराणं शरीफ हवं’ म्हणून अडून बसलेला. न्यूयॉर्कमधला दोघांचा पेच इथे सोयरिकीचा झाला, आणि मला तरी ‘मिकी ब्लू आइज’पेक्षा हाच जास्त पटतो. या डॉनांत उदय शेट्टी झालेत नाना पाटेकर आणि मजनू झालाय अनिल कपूर. ‘परिंदा’त (१९८९) याच नानांच्या अण्णाने अनिल कपूरच्या करणला लग्नाच्या रात्री बायकोसकट गोळ्या घातल्या होत्या. ‘वेलकम’मध्ये दोघे एका बहिणीचे भाऊ. मजनूभाईंनी काढलेलं, घोड्याच्या पाठीवर गाढव उभं असलेलं चित्र आजही मोबाइलवर फिरतंय. न्यूयॉर्कच्या त्या चिरंजीवांचं एकही चित्र कुणाला आठवत नाही.