शयनगृहात पानाफुलांचा वॉलपेपर. आधी भिंतीची ओल पाहावी

भिंतीवर निसर्ग आणण्याची हौस नाशिककरांना नवी नाही. जिल्ह्यातील चांदवडच्या रंगमहालात होळकरकालीन भित्तिचित्रे आहेत. शेजारच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने वारली झाडे-पाखरे उमटतात. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८६२ मध्ये वेलीने बहरलेल्या जाळीचा वॉलपेपर रेखाटला, तोही स्वतःच्या बागेवरून. आज फ्लॅटमध्ये हीच हौस वॉलपेपर भागवतो. मात्र कागद निवडण्यापूर्वी भिंतीची पारख व्हायला हवी.

ओलीची परीक्षा

पावसाळ्यात पश्चिमेकडील भिंत सरींचा मारा झेलते, तर स्नानगृहाला लागून असलेली भिंत बाराही महिने पाणी शोषू शकते. फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून दिवसभर ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस थेंब आले, तर भिंतीत ओल आहे असे समजावे. अशा वेळी आधी गळती काढावी. मग भिंत सुकू द्यावी आणि त्यानंतरच पुट्टी व प्रायमर करून कागद लावावा. ओल झाकण्यासाठी कागद लावणे हा उपाय नव्हे. कागदाआड बुरशी वाढते, कुबट वास येतो आणि कडा सुटू लागतात. दमेकऱ्यांना तर ही बुरशी विशेष त्रासदायक ठरते.

शयनगृह

येथे चारही भिंती मढविण्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडील एकच भिंत पुरेशी होते. छत ठेंगणे असल्यास बांबूसारखी उभी नक्षी उंचीचा आभास देते. लहान खोलीत फिकट पार्श्वभूमीवरील बारीक पाने शोभतात. घनदाट जंगलाचे मोठे चित्र प्रशस्त खोलीतच खुलते. पडदे आणि चादरी मात्र साध्या, एकरंगी असाव्यात.

साधारण रोल २१ इंच रुंद व ३३ फूट लांब असतो. तो सुमारे ५७ चौरस फूट भरतो. १० फूट रुंद व १० फूट उंच भिंतीला सहा पट्ट्या, म्हणजे दोन रोल लागतात. नक्षी मोठी असेल, तर जुळवणीत कागद वाया जातो; तेव्हा तिसरा रोल हाताशी ठेवावा. सर्व रोल एकाच बॅचचे घ्यावेत, अन्यथा छटेत फरक दिसतो.

स्नानगृह

येथे साधा कागद टिकत नाही. पुसता येणारा विनाइल वॉलपेपरच घ्यावा. विनाइल समोरून येणारे पाणी अडवतो, तसाच तो भिंतीतील ओलही बाहेर पडू देत नाही. म्हणून कोरड्या भिंतीची अट येथे अधिक कडक ठरते. शॉवरखाली आणि नळाभोवती टाइल्सच हव्यात. वॉलपेपर वॉश बेसिनच्या बाजूस किंवा टाइल्सच्या वरच्या पट्ट्यात, कोरड्या भागात लावावा. बुरशीरोधक चिकट वापरून कडा सिलिकॉनने बंद कराव्यात. एक्झॉस्ट पंखा आंघोळीनंतरही काही वेळ चालू ठेवावा. खिडकी वा पंखा नसलेल्या स्नानगृहात पानाफुलांच्या छापील टाइल्स अधिक हितावह ठरतात.

भिंत कोरडी असेल, तर चित्रातली हिरवाई वर्षानुवर्षे टवटवीत राहते. भिंत ओली असेल, तर बुरशीची नको असलेली हिरवाई पहिल्याच पावसाळ्यात उगवते.